एक डोळा आखून उठायचं नाही

परवा सकाळी दूध तापत ठेवलं आणि सवयीने मोबाईल हातात घेतला, तर त्याने मला न विचारता एक फोटो पुढ्यात टाकला. वर लिहिलेलं, ‘एक वर्षापूर्वी, आजच्या दिवशी’. फोटोत आमच्या जोह्याच्या कारखान्यातला गणपती. अंगाचा रंग झालेला, दागिन्यांचं सोनेरी काम झालेलं, डोळे नुकतेच आखलेले. आणि काय ते डोळे! दोन्ही बुबुळं एका ओळीत, पापण्यांची वळणं अगदी जुळी. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मी तशीच उभी. कारण त्या मूर्तीचे डोळे असे नव्हतेच. मोबाईल वर्षापूर्वी खोटं बोलला होता आणि आता तेच खोटं मला आठवण म्हणून परत दाखवत होता.

म्हणजे सिझन आला पुन्हा.

जोहे माझं माहेर. पेणहून हमरापूरच्या वाटेला लागलं की घराघरात गणपतीचे कारखाने. कारखाने म्हणजे धुराड्याचे नव्हेत. पत्र्याच्या छपराखाली फळ्याच फळ्या आणि त्यांवर रांगेने बसलेल्या मूर्ती. छपराला लागून भातशेत. आषाढात तिथे माती सुकता सुकत नाही, रंगाचा वास नाकात बसतो तो घरी जाऊन जेवलं तरी जात नाही, आणि जो तो दुसऱ्याला ‘झालं का, झालं का’ विचारत असतो. लग्न करून रोह्याला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. पण आषाढ लागला की शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर माझे पाय आपोआप एसटी स्टँडकडे वळतात. कारखाना आता भाऊ चालवतो, दिनेश. डोळे मात्र आबांचे. आबा म्हणजे आमचे वडील, पंचाहत्तरीला टेकलेले. मूर्ती कोणीही ओतो, रंग कोणीही मारो, शेवटी डोळ्यांची आखणी करायची ती आबांनी.

त्या आखणीचे त्यांचे नियम आहेत. आंघोळ करून बसायचं. उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने नेम धरायचा. आणि एक डोळा आखून उठायचं नाही, काही झालं तरी. देवाला काणा ठेवून जायचं नसतं म्हणे. माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा हा माणूस एका मूर्तीचा एकच डोळा आखून बसलेला. दुसरा पुरा केला, ब्रश धुतला, मग उठला. तोवर मी जगात आलेसुद्धा. आई शेवटपर्यंत त्यांना ते ऐकवायची आणि आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, “अगो, पोर कुठं पळून जात होती काय?”

आणि आरसा. दोन्ही डोळे झाले की मूर्तीसमोर हातातला आरसा धरायचा आणि आबा मूर्तीच्या बाजूला उभे राहून आरशात बघायचे. सरळ बघताना जी चूक नजर पोटात घालते ती आरशात उलटी होऊन लगेच बोचते. आरसा धरायचं काम लहानपणापासून माझं. हात हलला की ओरडा. “बाय, देव हाय तो, पाळण्यात नाय घातलेला.” कितीतरी मूर्तींचे डोळे मी असे उलटे पाहिलेत.

आता माझी खोड सांगते. मला बातम्यांचं व्यसन आहे. राजकारणाच्या नाहीत, त्यांनी डोकं उठतं. विज्ञान, नवं तंत्रज्ञान, आणि खोटं कशाला बोलू, सिनेमा. सुरुवात केली ती वर्गात मुलांना काही नवं सांगावं म्हणून. मग मोबाईलला माझी चव कळली. एखाद्या बातमीवर बोट जरा रेंगाळलं की त्याला समजतं, बाईंना हे हवंय. मग तो वाढतच राहतो. वर दूरच्या कुठल्या ताऱ्याचा स्फोट, खाली नटीच्या लग्नातली साडी, त्याखाली ‘या नोकऱ्या लवकरच जाणार’, त्याखाली झोपेत मेंदू कसा आकसतो. चहाचा कप संपेपर्यंत विश्वाचं, साडीचं आणि आपल्या मेंदूचं काय होणार ते कळलेलं असतं आणि मनात धास्ती बसलेली असते. बरं, धास्ती बसते म्हणून मोबाईल ठेवून द्यावा, तर नाही. पुढच्या बातमीत उतारा असेल म्हणून आणखी खाली जायचं. जोह्याला जाताना गाडी खांब गावाजवळ आली की माझ्या मोबाईलची रेंज जाते, तेवढी पाच मिनिटं मी खिडकीबाहेर बघते आणि मला बरं वाटतं. मग रेंज येते.

कारखान्यात माझ्या या व्यसनाला मान होता. कुंदा माझी वाटच बघत असायची. कुंदा नदीकाठच्या वाडीवरून येते, गेली दहा वर्षं आमच्याकडे अंगाचा रंग करते, हात असा साफ की रंगाचा एक ओघळ दिसायचा नाही. मी पायरीवर बसले रे बसले की तिचं सुरू, “वाच गो बाय, आज काय नवीन?” सिनेमा-मालिकांच्या बातम्या तर धंद्याच्याच. मालिकेतल्या देवाचा मुकुट बदलला की चार दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन, तसाच मुकुट पाहिजे. एकाने तर कम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र पाठवलं. बघायला झगझगीत, पण मोदक धरलेल्या हाताला सहा बोटं. दिनेश म्हणाला, “हा कुठला अवतार?” कुंदा म्हणाली, “काढू की. एक बोट फुकट देऊ.”

नोकऱ्या जाण्याच्या बातमीला मात्र कुंदा हसायची नाही. हातातला ब्रश थांबवून विचारायची, “आपलं काम हाय का गो त्यात?” मी यादी वाचायची. हिशेबनीस, ड्रायव्हर, चित्रकार. चित्रकार म्हटल्यावर तिचा चेहरा उतरायचा. “देवाचे डोळे आखणारे लिहिलेले नाहीत,” मी म्हणायची. आबा मान न वळवता म्हणायचे, “त्यांना ठाव नाय आपण हाव ते. नका कळवू.”

तशीच एक बातमी गेल्या आषाढात वाचली होती. मोठ्या हौसेने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मोबाईलचा कॅमेरा आता नुसता फोटो काढणार नाही, चेहरा ओळखून त्यातलं उणं स्वतः भरून काढणार. नाक, डोळे, भुवया रेखीव करणार. आबा म्हणाले, “मंग आता मला सुट्टी.” हसलो सगळे. त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर चिठ्ठी आली, नवीन अपडेट आलंय, घालू का? घाल म्हटलं. मी कधी नाही म्हटलंय? विज्ञानाची बाई मी! नव्याला नाही म्हणणं माझ्या तोंडात येत नाही.

आणि त्याच सिझनला मी आरसा बंद केला.

कोणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे असायचेच. मी म्हटलं, आबा, दोनदोनदा कशाला? फोटो काढते, त्याच्यातच बघा, बोटाने मोठा करून बघा, उलटा करायचा तर उलटा करून देते. आरशापेक्षा बारीक दिसतं. आबांना पटलं नव्हतं. पण लेक शिकलेली. आरसा फळीवर उपडा पडला तो पडलाच.

त्या दिवसांतलं आता एकेक आठवतं. एकदा चहा पिताना आबा दारातून बाहेर बघत म्हणाले, “वळणावरचा पोल वाकलाय गो. वायरमनला सांगा, पडंल कोणाच्या अंगावर.” दिनेश बाहेर जाऊन बघून आला. पोल ताठ उभा. कुंदा म्हणाली, “आबा, सक्काळीच घेतलीत काय?” आम्ही हसलो. मी तर सगळ्यांत जास्त. दहावीच्या वर्गात दरवर्षी डोळ्याची आकृती काढते मी. दृष्टिपटल फळ्यावर लाल खडूने दाखवते. आणि माझ्या बापाला सरळ खांब वाकडा दिसतो म्हणताना मी चहाचा कप हातात धरून हसले.

दुसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला घेतलं. एका मूर्तीचे दोन्ही डोळे आखून झालेले. हळूच म्हणाले, “बाय, हा डावा वर गेला काय गो? मला रेघ हलल्यागत वाटते.” मी मूर्तीकडे बघितलं. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, काहीतरी चुकलंय. डावा डोळा तिळभर वर. पण हातात मोबाईल होता. मी फोटो काढला, मोठा केला. डोळे कसे, सुरेख! एका ओळीत, जुळे. आबांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “ह्यात बरोबर दिसतंय. माझ्याच मनाचं असंल मंग.”

माझ्याच मनाचं असंल. हे त्यांचे शब्द मला आजही झोपू देत नाहीत. माणसाने स्वतःहून विचारलं होतं. आणि मी त्याला यंत्राचा दाखला दिला.

पुढे व्हायचं तेच झालं. मूर्ती गेल्यावर कल्याणच्या गिऱ्हाइकाचा फोन. म्हणे, फोटो एका मूर्तीचा पाठवलात आणि दिली दुसरीच. दिनेश चिडला. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही, जपून बोला, वगैरे. मी त्या दिवशी तिथेच होते. अजून न गेलेल्या मूर्ती फळीवर होत्या. त्यांतली एक खाली घेतली, तिचा फोटो मोबाईलवर काढला आणि दोन्ही शेजारी धरले. मूर्तीत डावा डोळा वर. मोबाईलमध्ये सरळ. पुन्हा काढला. पुन्हा सरळ. ती हौसेने वाचलेली बातमी मला तेव्हा आठवली, शब्दन् शब्द. मी आबांच्या उजव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला आणि विचारलं, “आबा, माझं तोंड दिसतं का?”

त्यांनी मान जरा तिरकी केली. मग म्हणाले, “कान दिसतात गो तुझे. मधी ढग हाय.”

पेणच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून तपासलं, तिथून पनवेलला पाठवलं. दृष्टिपटलाच्या मध्यावर मागून नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या, त्या पाझरत होत्या. यावर इंजेक्शन असतं, पण वेळेवर द्यावं लागतं. “महिना-दीड महिना आधी आला असतात तर,” डॉक्टर म्हणाले आणि फाइलमध्ये लिहायला लागले. मी बसल्या बसल्या मनात मोजलं. तो फोटो काढल्याला सात आठवडे झाले होते. डाव्या डोळ्याचं मधलं गेलं, कडेचं राहिलं. उजवा शाबूत होता, पण त्यालाही कधीही होऊ शकतं. डॉक्टरांनी एक कागद दिला, बारीक चौकोनांचा, मध्ये एक टिंब. रोज सकाळी एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं. रेषा वाकल्या किंवा पुसट झाल्या तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही.

त्यानंतर माझ्या मोबाईलला माझी भीती सापडली. काय वाढायला लागला तो मला! डोळ्यात बसवायची चिप. एका थेंबात गेलेली नजर परत. हे फळ खा, चष्मा फेका. उंदरांवरचे प्रयोग तर विचारू नका. जगातल्या यच्चयावत आंधळ्या उंदरांना दिसायला लागलं असेल एव्हाना, माझ्या बापाचा नंबर कधी लागणार ते कोणी लिहीत नव्हतं. तरी मी वाचायची. स्टाफरूममध्ये, एसटीत, भाजी निवडताना. खोटं कुठलं नि खरं कुठलं ते कळतं मला, तेवढं शिकलेय. पण रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, डोकं ठिकाणावर असतानाही खोट्या बातमीवर माझं बोट थांबायचं. आशा वाटायची म्हणून नाही. वाचायचं थांबवलं आणि नेमकी त्याच दिवशी खरी बातमी आली तर, या धाकाने. एकदा चुकले होते ना. मग मोबाईलला वाटायचं, बाईंना हे आवडतंय, आणखी वाढा.

आबांनी त्या काळात काय केलं? पावसाळा सरला, धरमतरच्या बाजूची आमची पाहुणेमंडळी भेटून, हळहळून गेली, आणि हा माणूस दिवाळीपासून पाटीवर उजव्या डोळ्याने रेघा मारायला शिकत बसला. डावा मिटायचा, उजवा उघडा ठेवायचा. साठ वर्षांची सवय उलटी करायची. आधी रेघा, मग गोल, मग वळण. शिमग्यापर्यंत पापणी जमली. एवढ्या मूर्ती आता होणार नाहीत म्हणाले, पण घरगुती मोजक्या करीन. चौकोनांचा कागद दिनेशने कॅलेंडरशेजारी चिकटवला. आणि मी आरसा पुसून पुन्हा खुंटीला लावला.

तेव्हापासून माझी सकाळ बदलली. मोबाईल हातात घेतला की आधी जोह्याला फोन. आबा ‘हॅलो’ म्हणत नाहीत, एकदम सांगतात, “सरळ हायत.” झालं. दिवसातली माझी एकच खरी बातमी तेवढी. मग तारे फुटोत नाहीतर नट्यांची लग्नं मोडोत.

परवा दूध उतू गेलं त्या दिवशीही फोन केला. “सरळ हायत,” आबा म्हणाले. पण जरा थांबून म्हणाले. थांबले की मलाच तसं वाटलं? दिवसभर वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते आणि डोक्यात ते थांबणं. उगाच शंका काढते मी, स्वतःला म्हटलं, बातम्या वाचून वाचून डोकं असं झालंय. काल पुन्हा फोन. “सरळ हायत गो. किती इचारशील?” वैतागलेले वाटले. आबा माझ्यावर वैतागत नाहीत.

आज शनिवार. शाळा सुटताच निघाले. एसटीत मोबाईल पर्समधून काढला नाही, खांब यायच्या आधीपासूनच बाहेर बघत बसले. तरी बरं वाटलं नाही.

पोचले तेव्हा आबा मूर्तीपुढे बसलेले. एक डोळा आखून झालेला, दुसऱ्याची जागा कोरी. ब्रश हवेत, आणि हलत नव्हता. कुंदा पलीकडे अंगाचा रंग करता करता त्यांच्याकडेच बघत होती. माझी चाहूल लागली तसे मान न वळवता म्हणाले, “बाय, आरसा धर.”

“एकाच डोळ्याला आरसा कशाला, आबा?”

“धर म्हणतो ना.”

मी खुंटीवरचा आरसा काढला आणि धरला. आबा आरशात बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, डावा डोळा मिटून. मी आरशाच्या कडेवरून मूर्तीकडे पाहिलं. कोणताही मोबाईल मध्ये न आणता, नुसत्या डोळ्यांनी. वरच्या पापणीची रेघ निघाली होती छान, पण मध्यावर आल्यावर तिला बारीकसं पोक आलं होतं. तांदळाच्या कणीएवढं. गेल्या वर्षी मी याच जागी उभी होते आणि मला दिसलं होतं आणि मी बोलले नव्हते.

“रेघ वाकली आहे, आबा,” मी म्हटलं. “मधोमध वाकली आहे.”

आबांनी ब्रश खाली केला. “परवापासनं,” ते म्हणाले. “चौकोन वाकतात मधी. म्हटलं, एवढ्या पुऱ्या करू, मंग सांगू. तू बोलतेस काय ते बघायचं होतं.”

रडावं की ओरडावं? ओरडलेच मी. दोन दिवस! डॉक्टर काय म्हणाले होते? रोज फोनवर सरळ हायत, सरळ हायत, कोणाला फसवता? कुंदा मध्ये पडली, “नको गो, आता नको.” मी मोबाईल काढला. उघडल्या उघडल्या वर एक बातमी तरंगली, नजर परत आणणारे कसले तरी थेंब. ती बोटाने सारली आणि पनवेलला फोन लावला. तिकडून सांगितलं, लगेच निघा, संध्याकाळी बघतो.

“चला, आबा.”

ते मूर्तीकडे बघत बसून होते. एक डोळा उघडा, एक जागा कोरी. “हा दुसरा होऊ दे,” म्हणाले. “पाच मिंटं.”

“नाही.”

आरसा माझ्या हातात पार कलला होता, पण त्यावरून ते आज ओरडले नाहीत. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि कुंदाच्या पुढे धरला. “कुंदे, ही रेघ पूस नि दोन्ही तू काढ.”

“मी? नाय नाय आबा, मी कुठं...”

“धा वर्षं बघतेस. आरसा दिनेशला धरायला लाव.” आणि गुडघ्यावर हात टेकून आबा उठले. माझ्या जन्माला न उठलेला माणूस मूर्तीला काणी ठेवून उठला.

रस्त्यावर आलो. पेणची गाडी यायची होती. आबांनी एका हाताने माझं मनगट धरलं होतं. वळणावरच्या पोलाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, आधी उजव्या डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी.

“पोल कसा हाय गो?”

“सरळ आहे, आबा.”

त्यांनी मान हलवली. गाडी आली तेव्हा पायरी कुठे आहे ते त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं.